मंडळी, तंटा आणि मत्तयाचा अठरावा अध्याय

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती गाळली असून मांडणी तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि बंधुभगिनींनो,

आपण ज्याला मंडळ म्हणतो, त्याचाच भाऊबंद असलेला 'मंडळी' हा शब्द मराठीत फार ऐसपैस आहे. वक्ता समोर बसलेल्यांना मंडळी म्हणतो, घरातली माणसे म्हणजे घरची मंडळी, आणि जुन्या पिढीतले नवरे बायकोचे नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणत असत. मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात मात्र मंडळी म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने एकत्र येणारे लोक. इमारत ती चर्च, आणि तिच्यात जमतात ती माणसे म्हणजे मंडळी. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दाचा अर्थही जमलेली सभा असाच आहे, त्यामुळे आपला शब्द मुळाशी प्रामाणिक राहिला आहे असे मला वाटते. कॅथॉलिक बांधव 'ख्रिस्तसभा' म्हणतात, त्यातही सभाच आहे, भिंती नाहीत.

शुभवर्तमानाची शिकवण वैयक्तिक श्रद्धेत आणि आजच्या मंडळीच्या जीवनात कशी उतरवावी, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सांगितले आहे. विषय इतका मोठा आहे की त्यावर सगळेच बोलता येते आणि म्हणून काहीच बोलले जात नाही. मी तो एका अध्यायापुरता, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायापुरता घेणार आहे.

हाच अध्याय का, ते सांगतो. येशूचे जीवन आणि शिकवण सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क, लूक आणि योहान यांत 'मंडळी' हा शब्द एकदाही येत नाही. तो फक्त मत्तयात येतो, आणि तोही दोनच प्रसंगी. सोळाव्या अध्यायात प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो की या खडकावर मी माझी मंडळी रचीन. आणि अठराव्या अध्यायात तो सांगतो की भावाने अपराध केला आणि तो कोणाचेच ऐकेना, तर ते मंडळीला कळव. पहिले वचन आपल्याला फार प्रिय आहे. त्यावर प्रवचने होतात, शतकानुशतके वाद झाले, आणि कोनशिलांवर ते कोरले जाते. दुसरे वचन कोणत्या कोनशिलेवर कोरलेले मी अजून पाहिलेले नाही. पण येशूच्या तोंडी मंडळीचा उल्लेख दोनच प्रसंगी यावा आणि त्यातला एक तंट्याचा असावा, यावरून एक गोष्ट उघड होते: मंडळीत भांडणे होणार हे त्याने गृहीतच धरले होते. आपण मात्र भांडण झाले की मंडळी बिघडली असे समजतो, आणि ती बिघडलेली दिसू नये म्हणून भांडण झाकून ठेवतो.

त्या वचनांतला क्रम आपल्याला ठाऊक आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर जा आणि त्याची चूक त्याला एकांतात दाखव. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे. त्यांचेही ऐकले नाही तर मंडळीला कळव. तरीही ऐकले नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार, म्हणजे त्या समाजाने तुच्छ मानलेला करवसुलीदार, यांच्यासारखा होवो. बहुतेक मंडळ्यांत हा क्रम आपण नेमका उलटा चालवतो. प्रथम आपण मनातल्या मनात त्याला जकातदार ठरवून टाकतो. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर, नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा बेताने, ती गोष्ट मंडळीला कळवतो. त्यानंतर आपल्या बाजूचे दोघेतिघे जमवतो. आणि त्या माणसाशी एकांतात बोलण्याची वेळ आली तर ती वर्षानुवर्षांनी, एखाद्या अंत्यविधीच्या निमित्ताने येते. प्रार्थनेचे निमित्त करून कुजबूज करण्याची आपली एक खास पद्धतही आहे: 'अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी काय चालले आहे ते मी सांगत नाही,' असे म्हणत सगळे सांगून टाकायचे.

पहिल्या पायरीवर येशू एकांतात जायला सांगतो, आणि त्या जाण्याचा हेतूही लगेच सांगतो. त्याने तुझे ऐकले, तर तू आपला भाऊ मिळवलास. वाद जिंकलास किंवा आपले म्हणणे खरे ठरवलेस असे तो म्हणत नाही. मिळवायचा आहे तो माणूस. हा हेतू मनात नसेल तर एकांतातली भेटही खटल्याची पूर्वतयारीच ठरते, आणि अशा भेटी मी पाहिल्या आहेत. त्यांत एक माणूस बोलत असतो आणि दुसरा, पुढे उपयोगी पडेल म्हणून, त्याची वाक्ये पाठ करत असतो.

शेवटच्या पायरीचा अर्थ आपण 'वाळीत टाका' असा सरळ लावून मोकळे होतो. पण हे शब्द ज्या शुभवर्तमानात आहेत ते परंपरेने ज्याच्या नावावर आहे, तो मत्तय स्वतः जकातदार होता. जकातनाक्यावर बसलेल्या त्याला येशूने बोलावले, आणि त्याच संदर्भात जकातदारांबरोबर जेवतो म्हणून परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, येशूला नावे ठेवली. मंडळीला एखाद्याचे सभासदत्व थांबवावे लागते, एखाद्याला पदावरून दूर करावे लागते, आणि ते करू नये असे मी म्हणत नाही. परंतु जकातदाराशी येशू कसा वागला हे माहीत असणाऱ्याला, एखाद्याला जकातदार मानणे म्हणजे त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे काम आता नव्याने सुरू झाले, असेही वाचता आले पाहिजे.

याच संदर्भात ते वचन येते जे आपण उपस्थिती कमी असली की हमखास आठवतो: जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे मी आहे. उपासनेला चारच माणसे आली की पाळक हे वचन म्हणतात आणि सर्वांना बरे वाटते. त्यात चूक काही नाही. पण मूळ जागी हे दोघे-तिघे चार वचनांपूर्वी आलेल्या साक्षीदारांची आठवण करून देणारे आहेत, तंटा सोडवायला बसलेले. त्या अवघड, घाम फोडणाऱ्या बैठकीत मी आहे, असे येशू म्हणतो. गाणी चालू असताना तो आहे यावर आपला सहज विश्वास बसतो. हिशेबाची वही मधे ठेवून दोन माणसे एकमेकांकडे न पाहता बसली असतील, तेथेही तो आहे यावर विश्वास ठेवायला बरीच मोठी श्रद्धा लागते.

आता एक इशारा, आणि तो मला सविस्तर द्यायचा आहे, कारण याच वचनांचा फार मोठा गैरवापर झालेला आहे. मंडळीत कोणी अधिकारी माणसाने लहान मुलाशी, तरुण मुलीशी किंवा आश्रयाला आलेल्या व्यक्तीशी दुर्वर्तन केले, तेव्हा 'शास्त्राप्रमाणे आधी एकांतात त्यांच्याशी बोला, बाहेर वाच्यता करू नका' असे सांगून तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवल्याच्या घटना जगभरच्या अनेक संप्रदायांत उघडकीस आल्या आहेत. कॅथॉलिकही त्यात आहेत आणि प्रॉटेस्टंटही. या बाबतीत कोणी कोणाकडे बोट दाखवावे अशी स्थिती नाही. असे सांगणाऱ्यांनी हाच अध्याय सुरुवातीपासून वाचलेला नसतो. अध्यायाच्या आरंभी येशू एका बालकाला मधे उभे करतो आणि म्हणतो की या लहानांपैकी एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे त्याच्या हिताचे ठरेल. एकांतातल्या भेटीची वचने यानंतर येतात. ती भावाभावांतल्या, म्हणजे बरोबरीच्या माणसांतल्या अपराधाविषयी आहेत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या खोलीत, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने एकट्याने जावे, असा त्यांचा अर्थ लावणे हा शुभवर्तमानाचा अवमान आहे. अशा ठिकाणी पोलिसांकडे आणि न्यायालयाकडे जाणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नसून त्या बालकाच्या बाजूने उभे राहणे आहे.

आणि तो बालक मुळात मधे का आला? स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, असे शिष्यांनी विचारले म्हणून. आपल्या किती भांडणांचे मूळ या एका प्रश्नात आहे, हे मंडळीच्या पंचांची निवडणूक जवळून पाहिलेल्यांना मी सांगायला नको.

पेत्राला हे सगळे ऐकून एकच व्यावहारिक शंका आली: क्षमा किती वेळा करायची? सात वेळा? येशूच्या उत्तराचे भाषांतर कोणी सत्तर वेळा सात असे करतात, कोणी सत्त्याहत्तर वेळा. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस आपला सूड सत्त्याहत्तर पट घेतला जाईल अशी बढाई मारतो; सूडाच्या त्या जुन्या गणिताला येशूने क्षमेच्या बाजूला वळवले असावे, असे अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटते. त्यानंतर येतो निर्दय चाकराचा दाखला, ज्यातले आकडे आपण सहसा मोजत नाही. चाकराचे राजाला देणे होते दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज सुमारे 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले, जे कोणताही चाकर कोणत्याही जन्मात फेडू शकत नाही. ते माफ झाल्यावर त्याने ज्याची मानगूट धरली, त्या सोबत्याचे देणे होते 100 दिनार.

या 100 दिनारांकडे मात्र आपण पुरेसे पाहत नाही. प्रवचनांत ही रक्कम क्षुल्लक म्हणून सांगितली जाते. पण तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी ही गरीब माणसाला क्षुल्लक नसते. आपल्यावर झालेला अन्याय काहीच नव्हता असे येशू म्हणत नाही. तो खरा होता, मोजण्याइतका होता, आणि तरीही आपल्याला जे सोडून दिले आहे त्याच्या सहा लाखांतला तो एक हिस्सा आहे, असे तो म्हणतो. माझ्या वैयक्तिक श्रद्धेला या आकड्यांनी जितका आधार दिला तितका 'विसरून जा' या उपदेशाने कधी दिला नाही.

वैयक्तिक श्रद्धेविषयी बोलायचे तर मत्तयातच आलेल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले एक वचन या अध्यायाशेजारी ठेवून वाचावे लागते. तू वेदीपाशी आपले दान आणत असताना, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. हे ऐकणारे बरेचसे लोक उत्तरेकडच्या गालील प्रांतातले होते आणि यहुद्यांनी जेथे दान न्यायचे ती वेदी यरुशलेमात होती. वाट सुमारे तीन दिवसांची. म्हणजे अर्पणाचा पशू तेथेच ठेवून तीन दिवस मागे चालत जायचे, समेट करायचा आणि पुन्हा तीन दिवस चालत यायचे. ऐकणाऱ्यांपैकी काही जण हसले असतील. उपासना थांबली तरी चालेल पण हे थांबता कामा नये, इतके निकडीचे त्याला ते वाटत होते. आणि वचनात आणखी एक बारकावा आहे: तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तो येथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर.

या बारकाव्याने माझी फजिती केली, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. वार्षिक सभेत एका सभासदाने दुरुस्तीच्या खर्चातल्या एका आकड्याबद्दल असा प्रश्न विचारला की पैसे कोणीतरी खाल्ले असावेत असे सर्वांना वाटावे. हिशेब तपासलेला होता आणि मी एक पैसाही इकडचा तिकडे केलेला नव्हता. मला ते फार लागले. पुढची पाच वर्षे आम्ही एकाच उपासनेत दोन टोकांना बसत होतो, आणि या अपमानाची हकीकत मी किमान वीस जणांना तरी सांगितली असेल. त्यांना मात्र कधीच नाही. अपराध त्यांचा होता, तेव्हा त्यांनीच यावे, हे माझे शास्त्र.

एका संध्याकाळी या वचनावर बोलण्याची तयारी करत असताना मी पत्नीला म्हणालो की त्यांच्या मनात माझ्याविरुद्ध काही असण्याचे कारणच नाही. ती म्हणाली, "सभेच्या आधी दोनदा ते घरी आले होते ना, वही बघायला? तुम्ही म्हणालात, सभेतच बघा." मला खरोखरच ते आठवत नव्हते, आणि आठवले तेव्हा बसलेल्या जागी अंग गार झाले. अठराव्या अध्यायातली पहिली पायरी त्यांनी चढली होती, एकांतात, एकदा नव्हे तर दोनदा, आणि दार मी लावले होते.

त्याच आठवड्यात मी जुनी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि आधी माझ्या त्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. आम्ही दोन तास बसलो. बहुतेक नोंदी त्यांना पटल्या; एक नोंद अजूनही पटलेली नाही, आणि त्यांचा मुद्दा अगदीच निराधार आहे असे आता मला म्हणवत नाही. पुढच्या महिन्यात ती नोंद पाहायला आम्ही पुन्हा बसणार आहोत, आणि या वेळी आणखी एकादोघांना बरोबर घ्यावे असे त्यांनीच सुचवले आहे.