अर्ध्या किमतीची गोधडी

नमस्कार श्रोतेहो.

हाताने शिवलेली गोधडी कुणाच्या हातात दिली की माणूस आधी ती गालाला लावून बघतो. वरच्या टाक्यांवरून बोट फिरवतो, उलटी करून अस्तर बघतो. आणि मग म्हणतो, "मलाही एक शिवून द्या ना! तुमच्या तर हातचा मळ आहे."

हे म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याला गोधडी आवडलेली असते आणि ते तो मोकळेपणाने सांगत असतो. तरीही ज्या बाईने ती शिवलेली असते तिच्या पोटात त्या क्षणी गोळा येतो. हो म्हणावं तर पुढचा महिना गेला, नाही म्हणावं तर माणूस दुखावला. मी या दोन्हींच्या मध्ये बरीच वर्षं अडकून राहिले. आज बोलणार आहे ते त्याबद्दल, आणि माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायकांइतकंच ते मागणाऱ्यांसाठीही आहे.

आधी हिशेब. जवळ कागद-पेन्सिल असेल तर मांडून बघा. एका माणसाला नीट पांघरता येईल अशी गोधडी घेऊ, 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब. तिचा वरचा थर पाच-पाच इंचांच्या चौकोनांचा करायचा, तर आडवे 12 आणि उभे 18, असे 216 तुकडे लागतात. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच सोडावा लागतो, म्हणून कापताना तुकडा साडेपाच इंचांचा घ्यायचा. दिसायला अर्धाच इंच वाढला, पण सगळ्या तुकड्यांचा मिळून हिशेब केला तर गोधडी जेवढी दिसते त्याच्या एकपंचमांशाहून जास्त कापड नुसत्या शिवणींत जातं.

हे झालं वरच्या थराचं. खाली अस्तर, मध्ये भरणीचा थर, आणि तिन्ही थर एकजीव करणारा धावदोरा. एकेक इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर साधारण 60 ओळी होतात, प्रत्येक ओळ 90 इंचांची. म्हणजे 5,400 इंच, साडेचारशे फूट. इंचाला सहा टाके धरले तर 32,400 टाके. दोरा फार लांब घेतला तर गुंता होतो, म्हणून मी हातभरच घेते. त्यातला गाठीचा आणि शेवटचा भाग सोडला तर पंधरा इंच कामाला येतो. म्हणजे एका गोधडीत सुई 360 वेळा ओवायची.

एका ओळीला मला अर्धा तास लागतो. 60 ओळींचे 30 तास. कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर ते नंतर आटतं आणि चौकोन तिरके होतात. मग इस्त्री, कापणं, तुकडे जोडणं, तिन्ही थर जमिनीवर पसरून सुरकुती न पडू देता कच्च्या धावदोऱ्याने टाचणं, शेवटी चारी बाजूंनी गोठ लावणं. याचे पंधरावीस तास सहज होतात. एकूण पन्नासच्या आसपास. दिवसभराची कामं उरकून रोज संध्याकाळी दीड तास बसलं तर महिन्याहून जास्त दिवस लागतात.

आणि डावा हात. तो गोधडीच्या खाली असतो. सुईचं टोक आरपार आलं की नाही हे खालच्या बोटाला टोचल्यावरच कळतं. वरच्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालता येतं, पण खालचं बोट मी उघडंच ठेवते, कारण त्याशिवाय टाका समजत नाही. चार-पाच दिवसांत तिथली कातडी खरखरीत होते आणि दोरा तिथेच अडकायला लागतो. "हातचा मळ" म्हणणाऱ्यांना मी हल्ली ते बोट दाखवते. रागाने नाही. त्यांना खरंच माहीत नसतं.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका बाईंनी माझ्याकडे गोधडी मागितली. "फुकट नको हं, पैसे देईन," असं त्यांनी आवर्जून सांगितलं. मला बरं वाटलं. मग त्यांनी आकडा सांगितला. बाजारात तयार ब्लँकेट जेवढ्याला मिळतं तेवढाच तो होता. त्यात माझं कापड आणि दोरा निघाला असता, मजुरी नाही. मला हे तेव्हाच कळलं होतं. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी हो म्हणाले.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला होता. त्याच्यासाठी मी एक छोटी गोधडी काढली होती. निळे आणि पिवळे तुकडे कापून, जोड्या लावून पिशवीत ठेवले होते. ती पिशवी मी कपाटात वर सरकवली. म्हटलं, पैसे घेतलेलं काम आधी, घरचं काय, नंतरही होईल.

दोन महिन्यांनी त्या बाईंना गोधडी दिली. त्या खूश झाल्या, अगदी मनापासून. आणि आठवडाभरात त्यांच्या दोन मैत्रिणींचा फोन आला. "तुम्ही एवढ्यातच करून देता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकीला भिडेखातर दिलेला भाव आता माझा भाव झाला होता. तो वाढवला तर मी लबाड ठरणार, आणि तोच ठेवला तर वर्षभर पदरमोड. दोन्ही गोधड्या मी शिवल्या. भाच्याचे तुकडे पिशवीतच राहिले.

त्यानंतर माझं एक मत पक्कं झालं. गोधडी फुकट द्यावी किंवा पूर्ण किमतीला द्यावी, अर्ध्या किमतीला कधीच नाही. फुकट देताना कुणाला, कधी आणि कशी हे मी ठरवते. ती माझी भेट असते, तिचे तास मी मोजत नाही. पूर्ण किंमत घेतली तर तो चोख व्यवहार होतो, दोघंही मोकळे. अर्ध्या किमतीत यातलं काहीच हाती लागत नाही. देणारीच्या मनात सल राहतो, आणि घेणाऱ्याला आपण कुणाचं काही घेतलं आहे याचा पत्ताही नसतो, कारण त्याने तर पैसे मोजलेले असतात. आभारही नाहीत आणि मजुरीही नाही.

मग मागणाऱ्याला सांगायचं काय? पहिली गोष्ट, तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही. "हातातलं काम बघून दोन दिवसांत सांगते," एवढं म्हणायला कुणाचीच हरकत नसते. त्या दोन दिवसांत भीड ओसरते. नंतर तासांचा हिशेब सांगायचा. मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक गोधडीला कापडाचा खर्च किती आला आणि रोज किती वेळ बसले हे त्यात लिहिलेलं असतं. ती वही मी समोर ठेवते. "पन्नास तास लागतात, तासाला एवढी मजुरी, अधिक कापड." आवाज न चढवता आणि माफीचा सूर न लावता. बहुतेक माणसं ऐकून गप्प होतात आणि म्हणतात, "एवढं असतं हे माहीत नव्हतं." ती शांतता आपण घाईने भरून काढायची नाही. "बरं, तुमच्यासाठी थोडं कमी करते," हे वाक्य नेमकं तिथेच तोंडातून निसटतं.

"कापड मी देते, तू फक्त शिव," असंही कुणी म्हणतं. अहो, तेच "फक्त" पन्नास तासांचं असतं. "तुमचं नाव होईल, चार लोक बघतील," असं म्हणणारे असतात, त्यांना हात जोडून नाही म्हणावं. सणसणीत उत्तर देत बसू नये.

सगळ्यांत अवघड मागणी वेगळीच. आई गेलेली असते, तिचे कपडे घेऊन मुलगी येते. "यांची एक गोधडी होईल का?" पिशवी उघडली की अजून त्या कपड्यांना घराचा वास असतो. तिथे पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही. आणि काम तर सगळ्यांत कठीण हेच. एक कापड सुती, दुसरं गुळगुळीत, तिसरं विणीचं आणि ताणलं जाणारं. ताणणाऱ्याला मागून पातळ कापडाचा आधार दिल्याशिवाय चौकोन चौकोन राहत नाही. जुनं कापड टाक्यापाशी विरतं. कात्री चुकली तर तसा दुसरा तुकडा जगात नाही. मी अशी गोधडी शिवताना हात धुऊन, दिवसाउजेडीच बसते.

इथेही माझा नियम तोच आहे. एकदा एका मुलीच्या आईचे मी ऋणी होते, म्हणून एक पैसाही घेतला नाही. बाकीच्यांना मी पूर्ण मजुरी सांगते. नुसत्या हळहळीपोटी अर्ध्यात घेतलेलं काम मागे पडत जातं, हे मी स्वतःवरून सांगते. आणि त्या कपड्यांना तरी कपाटात वर सरकवलेलं चालणार नाही. पूर्ण गोधडी परवडत नसेल तर मी उशीचा अभ्रा सुचवते. नऊ तुकडे, दोन-तीन संध्याकाळचं काम. एका बाईंनी तो अभ्रा नेला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की त्यावर डोकं ठेवून झोप लागली.

आणि तुमच्यापैकी ज्यांना कुणाकडे गोधडी मागायची आहे, त्यांनी जरूर मागा. आम्हाला आवडतं. फक्त पहिला प्रश्न "किती मजुरी घ्याल आणि कधी वेळ होईल?" असा असू द्या. आकडा आवाक्याबाहेरचा वाटला तर तसं सरळ सांगा, राग येत नाही. घासाघीस मात्र करू नका. कापडाची किंमत ठरलेली असते, त्यामुळे कमी होते ती फक्त त्या बाईच्या तासांची.

भाच्याची पिशवी मी गेल्या वर्षी खाली काढली. तुकडे तसेच होते, निळे आणि पिवळे, घडीवर जरा फिके पडलेले. तो आता शाळेत जातो, बाळाच्या मापाची गोधडी त्याला गुडघ्यापर्यंतच आली असती. म्हणून चारी बाजूंनी हिरव्या तुकड्यांच्या दोन-दोन ओळी वाढवल्या. दिली तेव्हा त्याने ती अंगावर घेतली, पाय ताणून बघितले आणि म्हणाला, "मावशी, अजून थोडी उरली."

नमस्कार.