लामालेराची टोपली

(पहाट. काळ्या वाळूचा छोटासा किनारा. शाकारलेल्या होडीघरांची रांग. लाटांचा आवाज.)

इंडोनेशियाच्या नकाशावर आधी फ्लोरेस बेट शोधा. तिथून पूर्वेकडे सरकलं की अदोनारा लागतं आणि त्याच्या पलीकडे लेम्बाता. लेम्बाताच्या दक्षिण कडेला, ज्वालामुखीच्या खडकाळ उतारावर कशीबशी बसलेली ही वस्ती म्हणजे लामालेरा. खालचं गाव आणि वरचं गाव. अंगणातून पाऊल टाकलं की चढ, चढ संपतो तिथे दगड. नांगर धरावा अशी जमीन जवळपास नाहीच. मका, भात, केळी, रताळी सगळं डोंगरातल्या गावांकडे. लामालेराच्या वाट्याला आलाय तो समोरचा सावू समुद्र. किनारा सोडला की तो लवकरच खोल होतो, आणि त्या खोलीतून देवमासे जातात.

इथले लोक त्यातल्या एकाची वाट बघतात. कोतेक्लेमा. म्हणजे स्पर्म व्हेल. आपल्या कोकण किनाऱ्यावर ज्याच्या ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्या येतात, तोच हा प्राणी. त्याला दात असतात, आणि दात असलेल्याचीच शिकार करायची. निळ्या देवमाशाच्या जातीचे, बिनदाताचे देवमासे दिसले तरी त्यांच्यावर भाला उगारायचा नाही, हा पूर्वजांनी घालून दिलेला नियम आहे.

(होडीच्या फळ्या जवळून. सांध्यांवरून फिरणारा हात.)

ही तेना. लामालेराची होडी. हिच्या फळ्यांमध्ये एकही लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. कुठली फळी कुठे बसायची ते ठरलेलं असतं आणि त्यात फेरफार केलेला चालत नाही. शीड ताडासारख्या झाडाच्या पात्यांचं, चटईसारखं विणलेलं. नाळेच्या पुढे बांबूचा एक मचाण निघालेला दिसतो. त्यावर लामाफा उभा राहतो, भालाईत. हातात लांब बांबू, टोकाला लोखंडी भाला, भाल्याला दोर. देवमासा जवळ आला की तो भाला फेकत नाही. भाल्यासकट स्वतःच उडी घेतो, अख्ख्या अंगाचं वजन भाल्यावर टाकून. मग पाण्यात पडतो आणि होडीकडे पोहत येतो. आला तर.

1994 मध्ये जखमी देवमाशानं होड्या तिमोरच्या दिशेनं ओढत नेल्या. माणसं कित्येक दिवस समुद्रात होती. एका पर्यटक जहाजानं त्यांच्यापैकी काहींना उचललं म्हणून ती वाचली. होड्या गेल्या. गावानं पुन्हा बांधल्या.

दरवर्षी 30 एप्रिलला संध्याकाळी समुद्रावर गेलेल्यांसाठी किनाऱ्यावर प्रार्थना होते आणि पाण्यावर मेणबत्त्या सोडल्या जातात. दुसऱ्या दिवशी, 1 मे रोजी, होड्यांना आशीर्वाद देऊन हंगाम उघडतो. गाव कॅथलिक आहे. पण देवमाशांना बोलावण्याचा विधी डोंगरावरच्या मूळ जमीनधन्याच्या कुळाकडेच राहिलाय. दोन्ही एकत्र नांदतात, आणि गावाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

लामाफाची ती उडी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. जगभरचे कॅमेरे तिच्यासाठीच इथे येतात. आम्ही मात्र आता कॅमेरा किनाऱ्याकडे वळवतोय, कारण लामालेराचं पोट त्या उडीवर भरत नाही. ते भरतं बायकांच्या डोक्यावरच्या टोपलीनं.

(किनाऱ्यावर मांस कापणं. बांबूच्या मांडवावर लटकणाऱ्या काळपट पट्ट्या.)

देवमासा किनाऱ्याला लागला की त्याचे वाटे पडतात. कुठला भाग कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. भालाइताचा वाटा, होडी बांधणाऱ्याचा, भाला घडवणाऱ्या लोहाराचा, शीड विणणाऱ्याचा, होडीच्या मालक कुळांचा. तिथून मांस नातलगांत फिरतं, आणि विधवेच्या दारी पोचल्याशिवाय थांबत नाही. मग घराघरासमोर पट्ट्या वाळत पडतात. चरबी उन्हात पाघळते, तिचं तेल खाली भांड्यात थेंबथेंब जमतं. तो उग्र वास कपड्यांत, केसांत, भिंतींत मुरतो.

(वूलांदोनीचा शनिवारचा बाजार. चादरींवर मांडलेला माल.)

शनिवारी जवळच्या वूलांदोनी गावी बाजार. एका बाजूला किनाऱ्यावरच्या बायका, पुढ्यात सुकं मांस, सुके मासे, मीठ. समोर डोंगरातल्या बायका, पुढ्यात मका, केळी, सुपारी, भाजी. सगळे येऊन बसलेत, पण देवघेव सुरू नाही. बाजाराचा माणूस फिरून प्रत्येकीकडून थोडा माल कर म्हणून गोळा करतो. मग शिट्टी वाजते आणि सगळा बाजार एकदम उठतो.

पैसा निघत नाही. सुक्या मांसाची एक पट्टी घ्या आणि बारा केळी द्या. नाहीतर मक्याची बारा कणसं. हा जुना हिशोब. पट्टी पातळ वाटली तर समोरची उलटून बघते, दोन बोटांत धरून वाकवते, परत ठेवते. घासाघीस फारशी होत नाही. ही आणि ती एकमेकींना ओळखतात. त्यांच्या आयाही एकमेकींशीच व्यवहार करायच्या. शनिवार सोडूनही या बायका डोंगरातल्या गावांत दारोदार जातात, डोक्यावर ओझं घेऊन, चढ चढत.

देवमासा वर्षाला किती मिळेल याचा नेम नाही. कधी मोजकेच मिळतात, कधी वीसच्या वर. मिळालेलं मांस टिकवून, जपून, धान्यात बदलून आणणं, तेही रिकामे महिने सांभाळत, हे काम या बायकांचं. लामाफाचा वारस कोण, असं सगळे विचारतात. या टोपलीचा वारस कोण, हे कोणी विचारत नाही. आणि आमच्या मते गावाचं पुढे काय होणार ते याच प्रश्नात दडलंय.

(इंजिनचा आवाज. तेनाला ओढत नेणारी छोटी होडी.)

बाहेरच्यांनी इथे काही कमी प्रयोग केले नाहीत. 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं शिकार आधुनिक करायला नॉर्वेचा तज्ज्ञ पाठवला, तो प्रयोग टिकला नाही. इंडोनेशिया सरकारच्या 1999 च्या नियमानं देवमाशांना संरक्षण मिळालं. 2014 पासून मांटा या मोठ्या, चपट्या माशांनाही, आणि तो गावाला जास्त झोंबलेला नियम, कारण देवमासा नसताना मांटाच भागवायचा. सावू समुद्राचं सागरी राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलं तेव्हा गावानं कडाडून विरोध केला आणि आपलं पाणी त्याबाहेर ठेवलं. देवमासे वाचलेच पाहिजेत, असं आम्हालाही वाटतं. पण वल्ही मारत जाऊन पोटापुरते मारणाऱ्या या गावानं देवमासे संपवले नाहीत. ते संपवत आणले मोठ्या जहाजांनी, तेलाच्या धंद्यासाठी.

आता ‘जोन्सन’ आलेत. इंजिन लावलेल्या होड्यांना गाव याच नावानं ओळखतं. त्या तेनाला ओढत देवमाशापर्यंत नेतात. वाहती जाळीही आली. पण जोन्सनला पेट्रोल लागतं, पेट्रोलला रोख पैसा, आणि केळी देऊन पेट्रोल मिळत नाही. म्हणून थोडं मांस आता रोखीनं विकलं जातं. जे विकलं ते वाट्यात येत नाही.

पोरं शिकायला लेम्बाताच्या मुख्य गावी, लेवोलेबाला, पुढे तिमोर बेटावरच्या कुपांग शहरात जातात. काही कामासाठी मलेशियाला. तिथून पैसे येतात, आणि दुकानातला तांदूळ घरात येतो. ज्या घरी तांदूळ विकत येतो, त्या घरच्या मुलीनं डोंगर का चढावा? तिच्या आईलाही ती चढायला नकोच आहे. आईची मान दुखते, गुडघे दुखतात, आणि मुलगी परिचारिका व्हावी असं तिला मनापासून वाटतं.

(बाजार उठतोय. रिकाम्या चादरी झटकल्या जातात.)

दुपारपर्यंत वूलांदोनी रिकामं होतं. किनाऱ्याकडच्या बायका टोपल्या उचलतात. सकाळी टोपलीत काळ्या पट्ट्या होत्या, आता मका आहे. एक जण दोन कणसं बाजूला काढून पानात गुंडाळते. शेजारच्या म्हातारीसाठी. म्हातारीच्या घरातून आता कोणीच समुद्रावर जात नाही.

(अंधार. लाटांचा आवाज.)