कॅरव्हॅनच्या शॉवर ट्रेला तडा गेलाय? आधी ट्रेच्या खाली बघा

नमस्कार मंडळी.

(ट्रेचा क्लोजअप)

हा तडा बघा. निचऱ्याच्या भोकापाशी सुरू झालाय आणि कोपऱ्याकडे चाललाय. नुसतं बघितलं तर केसाएवढा बारीक. आता मी ट्रेमध्ये पाय ठेवतो, नीट लक्ष द्या. तडा उघडला. पाय काढला, मिटला. या उघडझापीवर इलाज केला नाही, तर वरून कितीही भारी गोंद भरा, काही दिवसांत त्याच जागी किंवा तिच्या शेजारी पुन्हा तडा जाणार.

हे का होतं ते सांगतो. कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, वजन वाचवायचं असतं, म्हणून तिथला शॉवर ट्रे, म्हणजे आपण अंघोळीला उभे राहतो तो तळ, बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकच्या पातळ शीटचा असतो. शीट तापवून साच्यावर ओढून घेतात. जिथे ती जास्त ताणली जाते, म्हणजे खोलगट भागात आणि कोपऱ्यांत, तिथे ती आणखी पातळ होते. त्यात पाणी वाहून जावं म्हणून ट्रेला उतार दिलेला असतो, आणि खालची जमीन मात्र सपाट. दोघांच्या मधे पोकळी राहते. कारखान्यात तिथे दोनचार लाकडी पट्ट्या किंवा फोमचे तुकडे लावतात, आणि बाकीचा ट्रे अधांतरी राहतो. आपण उभे राहिलो की तो दबतो, बाहेर आलो की वर येतो. असं वर्षानुवर्षं वाकून प्लास्टिक थकतं, आणि जिथे ताण एकवटतो तिथे, म्हणजे निचऱ्याच्या कडेला किंवा आतल्या कोपऱ्यात, फाटतं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी आधार, मग तडा.

वरून सिलिकॉन फासायचा मोह होईल, पण तो आवरा. सिलिकॉन सांधे बंद करायला उत्तम आहे, तुटलेलं प्लास्टिक धरून ठेवायला नाही. शिवाय त्याचा पातळसा थर जरी मागे राहिला, तरी नंतर त्यावर ना रेझिन (पातळ ओतायचं, मग कडक होणारं प्लास्टिक) चिकटत, ना रंग.

पहिलं काम तपासणीचं. तडा दिसल्या दिवसापासून शॉवर बंद ठेवा. कॅरव्हॅनची जमीन बऱ्याचदा सँडविचसारखी असते: वर प्लायवूड, मधे फोम, खाली पुन्हा प्लायवूड. तड्यातून पाणी गेलं की ते त्या थरांमध्ये अडकतं. लाकूड कुजतं, थर सुटतात. ट्रेच्या आसपास जमीन दाबून बघा. मऊ लागते का? कुरकुरते का? गाडीखाली जाऊन काळपट डाग शोधा. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर फारच छान. ओल असेल तर आधी ती पूर्ण वाळू द्या, मग कितीही दिवस जाऊ देत. ओल्या लाकडावर ट्रे सीलबंद केला तर आतली कुज तुम्हीच झाकून ठेवाल. आणि जमीन मोठ्या भागात मऊ झाली असेल, तर आधी जमिनीचं काम करावं लागेल, ट्रेचं नंतर.

आता प्लास्टिक ओळखायचं. ट्रेच्या मागच्या बाजूला ‘एबीएस’ अशी अक्षरं असतील तर प्रश्न मिटला. नसतील, तर न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं ॲसिटोन लावा. एबीएस लगेच चिकट होतं. काहीच फरक पडला नाही तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन असू शकतं, आणि त्यावर नेहमीचा गोंद किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) टिकत नाही. तसा ट्रे वेल्डिंग करून जोडावा लागतो, नाहीतर बदलावा. मागे काचेचे धागे दिसले तर तो फायबरचा ट्रे.

(कॅमेऱ्याकडे बघून, सावकाश)

ॲसिटोन हातात घेण्याआधी एक गोष्ट कराच. गॅस सिलिंडरवरच बंद करा. कॅरव्हॅनमधला फ्रिज गॅसवर चालू असेल तर त्याच्यात ज्योत असते, आणि ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. दारं-खिडक्या उघडा, हातमोजे घाला, प्लास्टिक घासताना मास्क लावा. ॲसिटोन तड्यातून खाली ओघळूही देऊ नका. जमिनीतला फोम थर्माकोलच्या जातीचा असेल, तर तो विरघळून जाईल.

आता आधार. ट्रे काढता आला तर सोन्याहून पिवळं. निचऱ्याचा नट सोडवायचा, कडेचं सिलिकॉन कटरने कापायचं, स्क्रू शोधायचे. पण बऱ्याच कॅरव्हॅनमध्ये भिंतीचं पॅनेल ट्रेच्या काठावर बसवलेलं असतं, त्यामुळे ट्रे सहज सुटत नाही. जोर लावू नका. जुनं एबीएस ठिसूळ होतं, आणि एका तड्याचे तीन होतात.

ट्रे निघाला, तर खालची पोकळी कडक फोमच्या शीटने भरा, जिथे पाय पडतो तिथे प्लायवूड द्या. तुकडे उताराच्या मापाने कापायचे, म्हणजे ट्रे त्यांच्यावर अलगद टेकेल. तुकडा जाड झाला तर तोच ट्रेला खालून ढकलत राहतो आणि नवा ताण तयार होतो.

ट्रे निघत नसेल, तर निचऱ्याच्या भोकातून किंवा गाडीच्या खालून जपून भोक पाडून पीयू फोम (सोडला की फुगून घट्ट होणारा फोम) सोडता येतो. खालून भोक पाडताना वायर आणि गॅसचा पाइप कुठून गेलाय ते आधी बघा. पाणी जायच्या पाइपाभोवती मात्र फोम नको, उद्या तो दुरुस्त करायला हात पोचला पाहिजे. फोम कमी फुगणाराच घ्या. साध्या डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. बंद पोकळीत एकदम भरपूर भरला तर आतला भाग कच्चा राहतो, आणि पुढे कधीतरी फुगून ट्रे वर उचलतो. म्हणून थोडा सोडा, घट्ट होऊ द्या, मग पुढचा. दोन भाग मिसळून वापरायचा फोम मिळाला तर मी तोच घेईन, त्याला हवेतला ओलावा लागत नाही. फोम फुगत असताना ट्रेमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या सगळीकडे सारख्या मांडून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ट्रेवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज सगळीकडे थांबेपर्यंत आणि पाय ठेवल्यावर तडा हलायचा बंद होईपर्यंत तड्याला हात लावू नका.

(ड्रिल हातात)

आता तडा. तो डोळ्यांना जिथे संपलेला दिसतो, खरं तर त्याच्या थोडा पुढे गेलेला असतो. बारीक मार्कर फिरवून पुसून घ्या आणि टॉर्च आडवा धरून बघा. भेगेत उतरलेली शाई तिचं टोक दाखवते. त्या टोकावर ३ मिमीचं भोक पाडा. टोकाशी सगळा ताण एका बिंदूत साठलेला असतो, गोल भोकामुळे तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. मग तड्याच्या लांबीभर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच करा, आरपार नाही. दोन्ही बाजूंना साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

एबीएसला खरी ताकद मागून मिळते. ट्रे काढलेला असेल तर मागच्या बाजूला एबीएसचीच पट्टी एबीएसच्या सॉल्व्हेंट सिमेंट नावाच्या गोंदाने चिकटवा. दोन्ही प्लास्टिकं विरघळून एकजीव होतात. वरची खाच भरायला एबीएसचे बारीक तुकडे झाकण असलेल्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. ओघळेल पण पळणार नाही इतपत दाट लगदा झाला पाहिजे. सुकताना तो आकसतो, म्हणून एका दमात न भरता पातळ थर द्या.

मागून हात पोचत नसेल, तर वरून फायबरग्लासचं पातळ कापड आणि इपॉक्सी रेझिन वापरा. पहिल्या थरापेक्षा दुसरा थोडा मोठा. इथे पॉलिस्टर रेझिन नको. त्यात स्टायरिन असतं, ते एबीएस मऊ करतं. फायबरच्या ट्रेला पॉलिस्टर चालतं, तरी जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड जास्त चांगली. रेझिन थोडं थोडंच कालवा, कारण भांड्यात जास्त साठलं की ते तापून पटकन आवळतं. थंडीत ते फार हळू घट्ट होतं, खोली २० अंशांच्या आसपास ठेवा. दुसऱ्या दिवशी घासता येतं, पूर्ण ताकद यायला बहुतेक इपॉक्सीला आठवडा लागतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा.

घासणं १२०, मग २४०, मग ४०० नंबरने. वरून दोन भाग मिसळून वापरायचा रंग. ट्रेवरची मूळची खरखर दुरुस्तीत निघून जाते आणि ओला गुळगुळीत ट्रे धोक्याचा, म्हणून शेवटच्या आधीच्या थरावर न घसरण्यासाठी मिळणारी बारीक भुकटी भुरभुरा.

निचऱ्याचं तोंड परत बसवताना नवीन वायसर घ्या आणि नट हाताने आवळा, वर अगदी थोडासाच पाना. जास्त आवळलेला नट हे तिथे तडा जायचं नेहमीचं कारण आहे. कडेचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, नवं बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन लावा आणि किमान एक दिवस तरी कोरडं राहू द्या.

शेवटी चाचणी. निचरा बंद करा, ट्रेमध्ये खायचा रंग घातलेलं पाणी भरा आणि काही तास तसंच ठेवा. मग पाणी सोडा, म्हणजे निचऱ्याचा जोडही तपासला जाईल. खाली जिथे जिथे हात पोचतो तिथे आधीच कोरडा टिश्यू ठेवलेला असू दे. निचऱ्यापाशी रंग दिसला तर वायसर नीट बसलेला नाही. भिंतीलगत दिसला तर सिलिकॉनमध्ये फट आहे. दुरुस्तीच्या खाली दिसला तर तड्याचं टोक चुकलंय: भोक थोडं पुढे पाडून तेवढाच भाग पुन्हा करायचा. टिश्यू कोरडे निघाले, तर त्याच संध्याकाळी शॉवर सुरू करा.