ओसरीवरची वेल

मे महिन्यातलं यवतमाळकडचं गाव. दहानंतर ऊन तापतं, म्हणून हंटिंग्टन रोगाच्या तपासणीचं रक्त सकाळी सातलाच घ्यायचं. पण त्याआधी कुटुंबाची वंशवेल मांडायला ओसरीवर मोठा कागद पसरायचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर खूण काळी भरायची, वारलेल्यावर तिरपी रेघ.

हंटिंग्टन या आनुवंशिक रोगात हातपाय आपोआप हलतात, चाल डुलते, स्वभाव बदलतो. घरचे सांगतात, "आबा पेत होते." तेवढ्यावर 'निरोगी' लिहिलं की वेल चुकली. घास कधी अडकू लागला, वखर हातातून कधी सुटला, हे विचारावं. साल आठवत नसेल, तर लेकीच्या लग्नाआधी की नंतर? दत्तक कोण, सख्खा कोण, हे मात्र एकट्यालाच विचारायचं. तिशीतल्या धडधाकट मुलापुढे 'निरोगी' नको, 'अनिश्चित' लिहा. लक्षणं बहुधा तीस ते पन्नासच्या दरम्यान उमटतात.

एवढी काळजी का? व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांची अशीच वेल अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या चमूने मांडली. रोगाबरोबर डीएनएची कोणती खूण पिढ्यानपिढ्या उतरते, हे आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स गुसेला यांनी तपासलं आणि १९८३ साली शोध चौथ्या गुणसूत्रावर पोचला. एका माणसाची नोंद चुकली, तर खूण आणि रोग वेगळे पडल्यासारखे दिसतात आणि शोध भलतीकडे जातो. चौथ्या गुणसूत्रावरून नेमकं जनुक सापडायला १९९३ उजाडलं. त्यात 'सीएजी' ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात: २६ वेळांपर्यंत ठीक, ३६ ते ३९ मध्ये रोग होईलही, न होईलही, ४० किंवा जास्त असल्यास माणूस पुरेसा जगला तर रोग होतोच.

आता रक्त. जांभळ्या टोपणाची, रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीए द्रव्याची नळी, भरताच आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची. न केल्यास गाठी होतात, जोरात हलवल्यास पेशी फुटतात. नाव-क्रमांकाची चिठ्ठी तिथेच, रुग्णासमोर चिकटवायची. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी कापडात गुंडाळावी. नळी गोठता कामा नये.

प्रयोगशाळेत पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून, सीएजीच्या आवर्तनांची लांबी मोजतात. नेहमीचं एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांतले प्रथिनं घडवणारे भाग वाचणारी तपासणी, तुकडे छोटे वाचतं, लांब आवर्तनं त्यातून सहज निसटतात. 'एक्झोम नॉर्मल' आलं म्हणून हा रोग नाही, असं समजू नये.

बाधित आईबापाच्या प्रत्येक लेकरात रोगाचं जनुक उतरण्याची शक्यता निम्मी. लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची तपासणी करायची नाही. सज्ञान माणसाची, तीही समुपदेशनानंतर, त्याने स्वतः मागितली तरच. अहवाल त्याच्याच हाती द्यायचा. सोयरीक ठरत असताना मामा विचारायला आला, तरीही.