पुलावर बर्फ टाका!

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी जे काश्मीरच्या सहलीला जाऊन आलेत, त्यांना गुलमर्गची स्लेज आठवत असेल. लाकडी फळी, खाली दोन पट्ट्या, पुढे दोरी. दोरी ओढायला एक माणूस, आणि वर बसलेले आपण, भाड्याची घासाघीस करून दमलेले. दहा मिनिटांत हौस फिटते, फोटो निघतो, झालं.

आज मी बोलणार आहे ती गाडी हिचीच थोरली बहीण. पण तिला घोडा जोडलेला असायचा, आणि ती हौसेपेक्षा कामालाच जास्त यायची. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू इंग्लंड नावाचा प्रदेश आहे. व्हरमाँट, मेन, न्यू हॅम्पशायर ही राज्यं त्यातली. एकोणिसाव्या शतकात तिथला हिवाळाभरचा सगळा कारभार या घसरगाडीवर चालायचा.

आपल्याला वाटतं, बर्फ पडला म्हणजे रस्ता बंद. तिथे बर्फ पडला की रस्ता सुरू व्हायचा. हे कळायला आपली काळ्या मातीतली आषाढातली वाट आठवा. बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतलंय, दोघं मागून रेटतायत, एक जण बैलांना चुचकारतोय. त्यांच्याकडे बर्फ वितळला की वसंतात नेमका असाच चिखल व्हायचा. अजूनही होतो, व्हरमाँटात त्याला चिखलाचा ऋतू असंच म्हणतात. उन्हाळ्यात धोंडे आणि झाडांची खोडकं. थंडीत मात्र खड्डे, धोंडे सगळं बर्फाखाली गडप! नद्या-तळी गोठली की त्यांच्यावरूनच आडवाटा निघायच्या. म्हणून जड कामं शेतकरी हिवाळ्यावर टाकायचे. जंगलातले ओंडके तेव्हाच निघायचे. लोणी, चीज, गोठवलेली डुकरं असा माल भरून लोक थेट बोस्टनचा बाजार गाठायचे.

मग त्या बर्फाचं करायचं काय? आज आपण म्हणू, बाजूला सारा. ते तो दाबायचे. क्रिकेटच्या मैदानावर खेळपट्टी दाबायचा रूळ असतो ना, तसाच, पण लाकडी आणि पुरुषभर उंच. त्याला चार-सहा घोडे जुंपून गावभर फिरवायचे की रस्ता फरशीसारखा.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तिथले जुने पूल लाकडाचे, वर छप्पर असलेले. छप्पर कशाला, तर खालचं लाकूड पावसा-बर्फाने कुजू नये म्हणून. आता छप्पर आहे म्हटल्यावर पुलावर बर्फ पडणार कसा? आणि कोरड्या फळ्यांवर घसरगाडी घसरणार कशी? मग गाव पैसे मोजून माणूस लावायचं, आणि तो फावड्याने बाहेरचा बर्फ आणून पुलात पसरायचा. भर हिवाळ्यात, चहूकडे बर्फच बर्फ असताना, कुणाला तरी बर्फ वाहून आणायची मजुरी मिळायची!

आता गाडी जरा जवळून बघू. चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या, पुढून वर वळलेल्या. आपल्या चाकाला लोखंडाची धाव असते, तशी यांच्या तळाला लोखंडी पट्टी. गाडी थोडा वेळ उभी राहिली की ती पट्टी बर्फाला चिकटून बसते. मग घोड्याला सरळ पुढे हाकून उपयोग नाही, आधी त्याला थोडं डावी-उजवीकडे वळवून गाडीला हिसका द्यायचा.

घोड्याच्या नालांना खाली टोकं काढलेली, पाय घसरू नये म्हणून. तरी ओला बर्फ खुराच्या पोकळीत बसतो, दाबून दाबून त्याचा गोळा होतो, आणि घोडा उंच टाचांच्या चपला घातल्यासारखा डगमगायला लागतो. गाडीवानाकडे त्यासाठी छोटी हातोडी असायची. उतरायचं, पाय उचलून धरायचा, ठोकून गोळा पाडायचा, की पुढचा पाय. बोचऱ्या वाऱ्यात चार पाय म्हणजे काय, कल्पना करा. बसणाऱ्यांची त्यामानाने चंगळ. मांडीवर केसाळ कातडं, आणि पायाशी चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट.

घुंगरांचं विसरून चालणार नाही. बर्फात टापांचा आवाज दबतो, चाकांचा खडखडाट तर नाहीच. वळणावर समोरून गाडी आली तर कळायचं कसं? म्हणून घोड्याला घुंगुरमाळ. कनेक्टिकटमधल्या ईस्ट हॅम्प्टन गावात विल्यम बार्टन यांनी १८०८ साली असे घुंगरू करायला सुरुवात केली, आणि पुढे ते गाव घंटांचं गाव म्हणूनच नावारूपाला आलं. आपल्या शाळांतून नाताळात 'जिंगल बेल्स' म्हणतात, ते घुंगरू हेच. गाणं १८५७ साली बोस्टनला छापलं गेलं. गंमत म्हणजे त्यात नाताळचं नावही नाही. आहे ती पोरींना घेऊन उंडारायची मौज, आणि बर्फाच्या ढिगात उलटलेली गाडी!

पुढे मोटारी आल्या. मोटारीला उघडा रस्ता लागतो, म्हणून गावं बर्फ दाबायचं सोडून तो काढायला लागली. घसरगाडीखालचा रस्ताच गेला. आता ती उरली आहे पर्यटकांपुरती.

जाता जाता आपल्या मुंबईचा धागा. याच थंडीत बोस्टनच्या आसपासच्या गोठलेल्या तळ्यांवर घोडे फिरायचे, टोकांच्या नालांनिशी, मागे दातेरी नांगर ओढत. त्या नांगराने बर्फावर चौकोन आखले जायचे आणि लाद्या निघायच्या. बर्फ कधी दगा द्यायचा, घोडा पाण्यात जायचा. म्हणून त्याच्या गळ्यात आधीपासून दोरीचा फास असे. माणसं तो आवळायची. ऐकायला क्रूर वाटतं, पण श्वास कोंडला की घोडा धडपड थांबवून पाण्यावर तरंगायचा, आणि मग त्याला ओढून काढता यायचं. लगेच फास सैल करायचा, अंग चोळायचं, घोंगडी टाकायची आणि धावायला लावायचं.

फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने असा सुमारे १८० टन बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि तरीही निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत! मग तो मुंबईलाही येऊ लागला. फोर्टात त्यासाठी खास बर्फघर उभं राहिलं. मे महिन्याच्या काहिलीत तिथल्या साहेबांच्या आणि शेटजींच्या पेल्यात जो खडा किणकिणायचा, त्याच्यावर कधीकाळी त्या घोड्याच्या नालाचा ओरखडा उमटलेला असायचा.

नमस्कार.