हरणाला बागेची चटक लागण्याआधी

मंडळी, नमस्कार. तुम्ही आधी लिहून दिलेले प्रश्न मी वाचून आलो आहे. काय फवारू, काय टांगू, काय वाजवू, असंच बहुतेकांनी विचारलं आहे. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हरणांपासून बाग कायमची राखायची असेल तर नीट बांधलेल्या कुंपणाला पर्याय नाही. बाकीचे उपाय उसंत देतात, कुठला चार दिवसांची, कुठला महिनाभराची. ती उसंतही मोलाची असते, पण ती संपणार हे धरूनच वापरायला हवी. आणि मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी : हरणाला बागेची चटक लागायच्या आत जे कराल ते लागू पडतं. चटक लागल्यावर तोच उपाय निम्माही चालत नाही.

पण आधी चोर कोण ते पक्कं करा. हरणानं खाल्लं म्हणून ओरड होते तिथं कितीदा तरी खाणारा ससा असतो, कधी गोगलगाय, कधी अळी. तुटलेलं टोक हातात घेऊन उजेडात बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली पुढे 8 दात आणि वर त्यांच्यासमोर नुसती टणक हिरडी. त्यामुळे हरणाला फांदी कापता येत नाही. ते खालचे दात आणि वरची हिरडी यांच्यामध्ये कोंब धरतं आणि मानेला झटका देऊन ओढतं. अशा गुलाबाच्या कोंबाचं टोक पिंजलेलं दिसतं, एका बाजूला सालीची बारीक पट्टी लोंबत असते. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात, त्यामुळे त्यानं खाल्लेलं टोक तिरकं आणि स्वच्छ छाटलेलं असतं. दुसरी खूण उंचीची. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तरी गुडघ्याच्या फारसा वर पोचत नाही. कमरेच्या उंचीवरचे कोंब गेले असतील आणि खाली मऊ मातीत दोन भागांत चिरलेल्या, पुढे निमुळत्या खुरांचे ठसे असतील, तर मग शंका उरत नाही.

आता ते बागेतच का येतं? हरीण रवंथ करणारं जनावर आहे, पोटाचे चार कप्पे, सगळं गाईसारखंच. पण खाण्याची तऱ्हा वेगळी. बऱ्याच जातींची हरणं सरसकट गवत ओरबाडत नाहीत, निवडून खातात. कोंब, कळ्या, कोवळी पानं, खाली पडलेली फळं. आणि आपण काय करतो? खत घालतो, रोज पाणी देतो, छाटणी करून नवे धुमारे फुटतील असं बघतो. म्हणजे आसपासच्या रानापेक्षा रसाळ, जास्त प्रथिनांचा पाला आपण एका जागी गोळा करून ठेवतो. रान हिरवं असतं तेव्हा त्याचं फारसं काही वाटत नाही. रान वाळलं किंवा गोठलं, की भुकेपुढे भीती मागे पडते. एरवी कुत्रा भुंकला तर पळणारं हरीण त्या दिवसांत कुत्र्याची साखळी किती लांब आहे ते पाहून तिच्यापलीकडे चरतं. भीती किती आणि खायला किती, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. आपल्याला तो हिशेब आपल्या बाजूनं फिरवायचा आहे, आणि तो सगळ्यात सहज फिरतो तो पहिल्या-दुसऱ्या भेटीत, जेव्हा बाग त्याला अनोळखी असते.

म्हणून पडलेली फळं उचला. पक्ष्यांसाठी दाणे ठेवत असाल तर हरणाचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगा आणि खाली सांडलेले झाडून घ्या. आणि कृपा करून, बागेला त्रास होऊ नये म्हणून त्यांना दूर कुठेतरी खायला ठेवू नका. हे फार प्रेमानं केलं जातं, पण त्यानं हरणं वाढतात आणि जवळ येतात. शिवाय त्यांच्या पोटातले जिवाणू त्या ऋतूतल्या चाऱ्याला सरावलेले असतात. भर थंडीत काड्या-साली खाऊन राहणाऱ्या हरणानं अचानक पोटभर धान्य खाल्लं तर पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटानं ते मरतं. ज्याच्यावर माया करायची त्याचाच असा जीव जातो.

भीती घालण्याच्या उपायांबद्दल फार बोलणार नाही. चकचकीत पट्ट्या, जुन्या तबकड्या, बुजगावणं, रेडिओ, हे सगळं नवं असेपर्यंत चालतं. अनोळखी वस्तूला हरीण बिचकतं, पण त्यातून इजा होत नाही हे त्याला लवकर कळतं आणि मग ते बुजगावण्याशेजारी उभं राहून शेंगा खातं. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रांवर माझा भरवसा नाही. यातल्या त्यात बरा तो हालचाल टिपून अचानक पाण्याचा फवारा मारणारा नळ. त्यात आवाज, हालचाल आणि अंगावर पाणी तिन्ही एकदम येतं. तरीही त्याची जागा दर काही दिवसांनी बदलावी लागते. कुत्रा मोकळा असेल आणि रात्री बाहेर असेल तरच कामाचा, आणि रात्रभर हरणांमागे सुटलेला कुत्रा मला तरी पटत नाही.

वासाचे उपाय याहून सरस आहेत. हरणाचं जग आधी नाकाचं आणि मग डोळ्यांचं. सडलेल्या प्राणिज पदार्थाचा वास त्याला शिकारी जनावराची आठवण देतो, म्हणून अंड्याचा फवारा चालतो. तो घरीही करता येतो. एक भाग अंडी, चार भाग पाणी. अंडी नीट फेटायची, बलकाला चिकटलेले पांढरे दोर काढून टाकायचे आणि मिश्रण बारीक फडक्यातून गाळायचं. ते दोर राहिले की फवाऱ्याचं तोंड हमखास चोंदतं आणि मग माणूस वैतागून सगळंच सोडून देतो. कोरड्या दिवशी, पानं सुकी असताना फवारा. माणसाला वास थोड्या वेळात येईनासा होतो, हरणाला येत राहतो. मोठा पाऊस झाला की पुन्हा, नाहीतर महिन्यातून एकदा. मात्र एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : फवाऱ्यानंतर फुटलेल्या कोंबावर काहीच नसतं, आणि हरणाला नेमका तोच हवा असतो. भर वाढीच्या दिवसांत म्हणून महिनाभर थांबू नका. आणि आपण कच्चं खाणार अशा भाजीवर, फळावर हे फवारू नका. साबणाच्या वड्या, केसांचे पुंजके टांगणारे पुष्कळ आहेत. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. मी त्याच्या भरवशावर रोपं सोडणार नाही.

झाडांच्या निवडीबद्दल विचारलं आहे. हरीण खात नाही असं झाड कुठलं? असं छातीठोक कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. भुकेलं हरीण जवळजवळ काहीही तोंडात घेऊन बघतं, आणि एकदा चावून थुंकलेलं रोपही आपल्या दृष्टीनं गेलेलंच असतं. पण कल नक्की असतो. उग्र वासाची रोपं, म्हणजे लॅव्हेंडर, रोझमेरी, पुदिना, ते टाळतं. लवदार, खरखरीत पानं टाळतं. कण्हेर, रुई, डॅफोडिल यांसारख्या विषारी झाडांपासून बहुतेक वेळा लांब राहतं. उलट गुलाब, जास्वंद, ट्युलिप, वाटाणा, घेवडा, सॅलडची पानं ही त्याची आवडती. काट्यांचं त्याला काही वाटत नाही, ओठ आणि जीभ वापरून ते काट्यांमधला कोंब अलगद काढतं. आवडती रोपं घराजवळ, वर्दळीच्या बाजूला लावा आणि कडेला उग्र वासाची. एवढी मांडणी जमली तरी नासधूस कमी होते. पण कण्हेर लावताना घरातली लहान मुलं आणि पाळीव जनावरं डोळ्यांपुढे ठेवा.

आता कुंपण. इथं मी थोडा वेळ घेणार आहे.

उंची किती, हे हरणाच्या जातीवर ठरतं. लहान चणीच्या हरणाला दीड मीटर पुष्कळ होतं. सांबरासारख्या मोठ्या हरणाला किंवा पांढऱ्या शेपटीच्या हरणासारख्या पट्टीच्या उडीबाजाला साधारण 2.4 मीटर, म्हणजे आठ फूट धरा. बाहेरची जमीन कुंपणाकडे उतरती असेल तर हरीण उंचावरून उडी घेतं. तिथं उंची आपल्या बाजूनं न मोजता त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून मोजा, म्हणजे आपलं आठ फुटी कुंपण प्रत्यक्षात सहा फुटीच आहे हे लक्षात येईल.

पण उडी ही त्याची शेवटची निवड असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. हरीण आधी खालून वाकून जाता येतं का पाहतं, मग फटीतून, आणि काहीच जमलं नाही तर वरून. म्हणून कुंपणाची पाहणी करायची ती ओणवं होऊन. जाळीच्या खालच्या कडेला, जिथं जमीन जरा खचली आहे तिथं, तारेला अडकलेले आखूड, ताठ केस सापडतात. खालची माती पोट घासून गुळगुळीत झालेली असते आणि तिथवर येणारी पायवाट गवतात स्पष्ट दिसते. जाळी चांगली उंच, मजबूत, आणि हरीण रोज खालून ये-जा करतंय, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. खालची कड जमिनीला टेकवा, बाहेरच्या बाजूला वीतभर दुमडून खुंट्यांनी पक्की करा. भेकरासारखी बुटकी हरणं असतील तर जाळीचे घरही बारीक हवेत, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, नाहीतर पाडसं त्यातून डोकं घालतात.

इतकी उंची शक्य नसेल तर हरणाच्या डोळ्यांचा उपयोग करून घ्या. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण समोरचं अंतर नेमकं जोखणं तितकं जमत नाही. पलीकडे पाय कुठे पडणार हे कळलं नाही तर ते उडी टाळतं. म्हणून पलीकडचं काहीच न दिसणारं भरीव कुंपण सहा फुटांचं असलं तरी चालून जातं. किंवा जेमतेम चार-पाच फुटांची दोन कुंपणं चार-पाच फुटांच्या अंतरानं समांतर घालायची. दोन्ही एका उडीत पार होत नाहीत आणि मधे उतरायला जागा पुरत नाही. त्याच कारणानं अगदी छोट्या, चार-पाच पावलांत संपणाऱ्या भाजीच्या वाफ्याला छातीएवढं कुंपणही बरेचदा पुरतं. ज्यांची बाग लहान आहे त्यांनी सगळं आवार वेढण्यापेक्षा आवडतं तेवढंच घट्ट वेढावं, हा माझा आग्रह आहे.

विजेच्या कुंपणात फक्त त्यासाठी बनवलेलं, क्षणभराचे ठोके सोडणारं यंत्र वापरायचं. घरातली वीज थेट तारेत सोडणं म्हणजे जनावराचाच नव्हे, शेजारच्या मुलाचाही जीव घेणं आहे, तो विचारसुद्धा करू नका. शिवाय जागोजागी यासंबंधी नियम असतात, ते आधी विचारून घ्या. हरणाच्या अंगावर दाट केस, त्यामुळे तार नुसती घासली तर त्याला झटका फारसा जाणवत नाही. नाक किंवा जीभ लागली तर बरोबर जाणवतो. म्हणून तारेवर पत्र्याचे छोटे तुकडे दुमडून त्यांना शेंगदाण्याचं बटर लावतात. हरीण हुंगायला येतं, एकदा झटका बसतो आणि ती जागा त्याच्या लक्षात राहते. हे कुंपण पहिल्या दिवसापासून चालू हवं. आधी नुसती तार बांधून ठेवली आणि हरीण तिच्यामधून जायला शिकलं, तर नंतरच्या विजेचा उपयोग निम्मा होतो.

नव्या झाडांचं वेगळं. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मखमली कातडी असते, ती सुकली की नर कोवळ्या खोडांवर शिंगं घासतात, आणि माजाच्या दिवसांत आपला वास ठेवायलाही घासतात. साल सगळ्या बाजूंनी गोल निघाली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड हळूहळू मरतं. खोडाभोवती जाळीचं नळकांडं लावा, मजबूत खुंट्यांवर, खोडापासून वीतभर लांब, दीड मीटर उंच. खोडाला चिकटून लावलं तर साल तरीही सोलते, आणि झाड जाड झालं की ती जाळीच खोडात रुतते. वर्षातून एकदा सैल करा.

एक विनंती. सैल नायलॉनची जाळी नुसती पसरून ठेवू नका. तिच्यात शिंगं अडकतात, आणि अडकलेलं हरीण सुटण्याच्या धडपडीत जिवाला मुकतं. जाळी ताणून बांधा. काळी, बारीक जाळी त्याला संधिप्रकाशात दिसत नाही आणि ते तिच्यावर धडकतं. सुरुवातीचे काही आठवडे तिच्यावर पांढऱ्या किंवा निळ्या फिती बांधा. लाल नको, हरणाला लाल रंग नीट ओळखता येत नाही, निळा येतो. वर अणकुचीदार भाले असलेलं कुंपण तर मी कुणालाच सुचवणार नाही. उडी चुकली तर पोट फाटतं.

पाडसाबद्दल एकीनं विचारलं आहे. बागेच्या कोपऱ्यात पाडू एकटंच निपचित पडलेलं दिसलं तर ते टाकलेलं नसतं. आई त्याला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. उचलू नका, दूध देऊ नका, कुत्र्याला आत ठेवा. जखमी असेल किंवा सतत ओरडत फिरत असेल तरच वन्यजीव खात्याला कळवा.

आणि कुंपण घातल्यावर हरीण आत सापडलं तर त्याला घेरू नका, हाकारे घालू नका. घाबरलेलं हरीण फाटक शोधत नाही, जाळीवर आपटतं. फाटक सताड उघडा, माणसं आणि कुत्री घरात घ्या, आणि त्याला त्याच्या वेळेनं जाऊ द्या. ते गेल्यावर कुंपणाला ओणव्यानं एक फेरी मारा आणि ते कुठून आलं ती जागा अंधार पडायच्या आत बुजवा. रात्री ते आधी तिथेच येऊन बघणार आहे.