पहिल्या श्वासापासून पहिल्या आठवड्यापर्यंत

दसरा चौकातील या सभागृहात आज आजीबाई आणि आशाताई मोठ्या संख्येने दिसत आहेत, म्हणून आरंभीच स्पष्ट करतो की आजचा विषय प्रसूतीचा नाही, तर प्रसूतीनंतर बाळाच्या शरीरात जे घडते त्याचा आहे. बाळ रडले की सर्वांना हायसे वाटते. परंतु बाळाचे काम तेथे सुरू होते आणि ते पुरे व्हायला काही दिवस लागतात.

गर्भात बाळाची फुप्फुसे रिकामी नसतात, त्यांच्याच पेशींनी स्रवलेल्या द्रवाने ती भरलेली असतात. प्राणवायू वारेतून, नाळेतल्या शिरेमार्गे येत असल्याने फुप्फुसांकडे रक्ताचा थोडाच हिस्सा जातो. बाकीचे रक्त दोन आडवाटांनी वळते: एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र, आणि दुसरी फुप्फुसाच्या धमनीला महाधमनीशी जोडणारी आखूड नलिका.

कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढते आणि ज्या पेशी आजवर द्रव स्रवत होत्या, त्याच सोडियम व त्याबरोबर पाणी शोषून घेऊ लागतात. जन्ममार्गात छाती दाबली जाऊन पाणी बाहेर पडते हे आपण ऐकलेले असते. ते खोटे नाही, पण त्याचा वाटा लहान आहे. म्हणूनच कळांची वाट न पाहता सिझेरियन केलेल्या बाळांत पहिल्या काही तासांत श्वास जलद चालण्याचा त्रास अधिक आढळतो. पंचांगातला मुहूर्त गाठण्यासाठी पोट उघडण्याविषयी माझे मत काय असेल, हे आपण ओळखले असेलच.

पाणी गेले तरी वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटून जाऊ नयेत, यासाठी सरफॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो. अपुऱ्या दिवसांच्या, धाप लागून दगावणाऱ्या बाळांच्या फुप्फुसांत तो कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत तो पुरेसा तयार होतो. त्याआधी प्रसूतीची चिन्हे दिसली तर आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, ते बाळाच्या फुप्फुसांसाठी.

हवा आत शिरताच फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, तिकडून हृदयाच्या डाव्या बाजूस पुष्कळ रक्त परतते आणि तेथला दाब वाढतो. त्या दाबाने दोन कप्प्यांमधल्या छिद्रावरचा पातळ पडदा, एकाच बाजूने उघडणाऱ्या दारासारखा, मिटतो. नलिका मात्र सावकाश आवळते: रक्तातला प्राणवायू वाढलेला असतो, तिला उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन वार गेल्यामुळे घटलेले असते, आणि निरोगी बाळात एक ते तीन दिवसांत ती कार्यतः बंद होते. जन्मतःच्या क्षणी सुमारे ६० टक्के असलेली प्राणवायूची पातळी नव्वदीत जायलाही दहाएक मिनिटे लागतात. तेव्हा सुरुवातीला तळहात-तळपाय निळसर दिसले तर घाबरू नये. जीभ व ओठ निळे राहिले तर मात्र थांबू नये.

आता ज्याबाबत घरच्यांच्या हाती सर्वाधिक आहे, त्या उबेकडे वळू. आईच्या पोटातल्या ३७ अंशांतून बाळ ओल्या अंगाने खोलीत येते आणि अंगावरचे पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते. आपल्याप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. पाठीवर, खांद्यांच्या पात्यांमध्ये व मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते. तो साठा अपुऱ्या दिवसांच्या बाळात तुटपुंजा असतो. त्यामुळे अंग लगेच कोरडे करून, डोक्याला टोपडे घालून, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. न्हाऊ घालण्याची घाई नको, किमान २४ तास थांबावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाटेखाली धुराची शेगडी ठेवण्याने ऊब मिळते खरी, पण नुकत्याच उघडलेल्या फुप्फुसांना धूरही मिळतो.

नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखरही थांबते आणि पहिल्या एक-दोन तासांत रक्तातली पातळी उतरते. यकृतातला साठा तोवर साथ देतो, पण पहिल्या तासातच पाजणे हवे. पहिले पिवळसर, दाट दूध चमचा-दोन चमचेच निघते; ते पिळून टाकू नये, कारण बाळाला तेवढेच पुरते आणि रोगप्रतिकारक घटकही त्यातच असतात. मधाचे बोट चाटवू नये, गुटी देऊ नये. पहिल्या आठवड्यात वजन काहीसे घटते, साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

राहिली कावीळ. गर्भातल्या तांबड्या पेशी अधिक असतात व लवकर मोडतात. त्यातून निघणारे पिवळे बिलिरुबिन निकाली काढण्याचे काम यकृत अजून शिकत असते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. पहिल्या २४ तासांतच तो दिसला, किंवा तळपायांपर्यंत उतरला, तर अंगणातल्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. त्याच दिवशी रक्त तपासून निळ्या प्रकाशाचा उपचार लागतो का, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.